एक जूनचे पेढे

शाळा उघडली की वक्तृत्व स्पर्धा, आणि माझं भाषण एकदम कडक तयार होतं: 'खुनी सतरा वर्षांचा असला तरी त्याला फाशीच द्या!' तेवढ्यात आजोबांचे जुने विद्यार्थी अमृतकाका कर्जतहून पेढे घेऊन आले. दर एक जूनला, स्वतःच्या वाढदिवसाला, ते आजोबांकडे येतातच. आयता श्रोता मिळाला! मी हात उडवत अख्खं भाषण ठोकून दिलं.

“लई भारी! पहिला नंबर तुझाच,” म्हणत काकांनी टाळ्या वाजवल्या.

“पण काका, एक जून काय खरा वाढदिवस असतो? आजोबा गुरुजी होते तेव्हा सगळ्याच पोरांना हीच तारीख लावायचे!”

“व्हय, मलाबी त्यांनीच लावली.” काका हसले. “मला फाशी झाल्ती, पोरी. खून माझ्याच हातनं झाल्ता. मग गुरुजी शाळेचं रजिस्टर घेऊन कोर्टात आले. त्या तारखेनं मी गुन्ह्याच्या वक्ताला सतराचा निघालो, म्हणून फाशी टळली.”

मी भाषणाचा कागद हळूच पाठीमागे लपवला.

“आजोबा, मग काकांची खरी जन्मतारीख कोणती?”

आजोबांनी माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. “हीच.”