कुजबुजीचं घर

जुईने मुद्दाम कप फोडला आणि ती आईकडे बघत उभी राहिली.

“लागलं नाही ना गं?” वैजयंती कुजबुजली.

“आई, ओरड ना एकदा तरी! शेजारची मैथिली रोज ओरडा खाते.”

सातव्या महिन्यातच कळा आल्या, तेव्हा बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून वैजयंतीने स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली होती. मग कळा थांबल्या, जुई पूर्ण दिवसांची जन्मली. औषधाची खूण मात्र राहिली. कुणी जोरात बोललं, की जुईच्या छातीची धडधड तासन्‌तास थांबत नसे. तिच्या मनगटावरचा, धडधड मोजणारा हिरवा पट्टा लाल झाला, की सरकारी माणसं अशा मुलांना घरातून कायमचं उचलून नेत.

वैजयंतीने खिडक्या लावल्या. सगळा जीव एकवटून ती ओरडली, “कार्टे!”

आठ वर्षं दाबलेल्या गळ्यातून कुजबूजच बाहेर आली. पट्टा हिरवाच राहिला.