शिट्टी मारणारा टर्बो

"हा घेतलात तर चढावर तुम्हालाच खाली उतरून ढकलावं लागेल," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो बाकावरून बाजूला सारला.

दाजी ग्रीसच्या रिकाम्या डब्यावर बसले होते. बावीस वर्षं लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या टोचन करून आणणाऱ्या माणसाची स्वतःचीच गाडी बंद पडावी, यावर गॅरेजभर हसून झालं होतं. दाजींना हसू येत नव्हतं. हसायलाही अंगात थोडा जोर लागतो.

आठवड्यापूर्वी जुना टर्बो गेला. तेव्हापासून गाडी नुसती धापा टाकत होती. दोनदा तर भर घाटात, मागे ट्रक अडकवलेला असताना, जागच्या जागी थांबली. हमरस्त्याच्या ऑफिसातून निरोप आला होता, तिसऱ्यांदा असं झालं तर काम दुसऱ्याला.

"मोठ्यात जोर जास्त असतो ना पण?" दाजींनी विचारलं.

"असतो की. पण तो फिरतो इंजिनाच्या धुरावर. गाडीनं वेग धरला की मग हा जागा होणार. तुम्ही वीस टनांचं धूड घेऊन पहिल्या गिअरात चढणार, तोवर हा घोरत पडलेला."

"मग हा?" दाजींनी दुसऱ्या टर्बोवर हात ठेवला. याच्या आतली पाती हलणारी होती. कमी वेगातही ओढायचा, जास्त वेगातही. "सगळे हाच बसवतात. आवाजही नाही म्हणे याला."

"तुमच्या कामाला नको."

"का रे? क्रेनवाल्याला तूच बसवून दिलास."

"क्रेनवाला सपाटीवर असतो. तुमची गाडी दोर ओढायची विंच चालवायला तासन्‌तास उभ्या उभ्या चालू. काजळी धरते, पाती चिकटतात. ऐन चढावर चिकटली म्हणजे?" मिस्त्रीनं तिसरा टर्बो पुढे ओढला. लहान, साधा, जुन्या घडणीचा. "हा घ्या. लगेच जोर पकडतो. लांबच्या चढावर थोडा तापेल, तेवढं सांभाळा."

"शिट्टी मारतो तो."

"मारतो."

दाजींनी डोळे मिटून डोकं खांबाला टेकवलं. "कंटाळा आला बघ मला आवाजाचा. दिवसभर हॉर्न, विंच, गाडीमालकांची रड. घरी गेलं की शब्द नको वाटतो."

"जुनाही शिट्टी मारायचाच की, दाजी."

"मारायचा. आणि एका परीनं बरं होतं ते. तुझी ताई खालच्या वळणावर आवाज ऐकूनच चहा टाकायची. मी दारात पाय ठेवीपर्यंत कप हातात. पोरं शेजारच्या बाईंकडे अभ्यासाला गेलेली. घर कसं शांत."

"आणि आता?"

"आता गाडी गुपचूप जाते ना. परवा गेलो तर टीव्ही ठणाणा, पोरं पलंगावर उड्या मारतायत, ही शेजारणीशी हसत उभी. मी आलेला कुणाला पत्ताच नाही."

"मग?"

"मग काय. बोललो जरा."

मिस्त्री बोल्ट शोधायला वाकला. बराच वेळ त्याला हवा तो बोल्ट सापडेना.

"ताईचा फोन नाही आला परवापासून," तो खालूनच म्हणाला.

"घसा बसलाय तिचा." दाजी उठले. त्यांनी तिन्ही टर्बोंकडे पाहिलं, पण निवड करण्याइतकंही त्राण त्यांच्यात उरलेलं नव्हतं. "बसव बाबा तुला हवा तो. तुझं ऐकून आजवर माझं वाईट झालेलं नाही."

हे मात्र खरं होतं. बायकोच्या भावानं आपली कामं टाकून दाजींच्या गाडीखाली पाठ टेकावी, हे काही सगळ्यांच्या नशिबी नसतं. मिस्त्री दुपारचं जेवायलाही उठला नाही. टर्बो बसवला, तेलाची नळी नवी घातली. हवेच्या पाइपातला आवाज दाबणारा डबाही काढून टाकला.

"तो कशाला काढलास?"

"हवा मोकळी जाईल."

चाचणीसाठी त्यांनी दारातच पडून असलेला एक नादुरुस्त टँकर मागे अडकवला आणि गॅरेजमागचा चढ धरला. गाडी पहिल्याच गिअरात तटकन पुढे झाली. शिट्टी अशी कडाडली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. दाजींच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा थोडी तरतरी आली. काम वाचलं होतं.

"चढावर खरंच झोपला नाही रे हा," ते म्हणाले. त्यांनी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली, टँकर सोडला आणि ऊन उतरायच्या आत घराकडे निघाले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मिस्त्री आतल्या खोलीत गेला. हात न धुताच त्यानं फोन लावला.

"ताई, निघालेत."

"कुठला बसवलास?"

"शिट्टीवालाच. आधीपेक्षा मोठ्यानं वाजतो."

तिकडून सुटकेचा श्वास ऐकू आला.

"तू ये इकडे निघून," तो नेहमीसारखं म्हणाला.

"बघू," ती नेहमीसारखं म्हणाली.

फोन मात्र कुणीच ठेवला नाही. मिस्त्री खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. त्याची पाठ मोडून आली होती. वीसेक मिनिटांनी फोनमध्ये, खूप लांब, बारीकशी शिट्टी वाजली. ताईनं फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि तिचं बोलणं पुसट ऐकू आलं.

"चपला राहू द्या रे. मागच्या दारानं बाईंकडे पळा."