हिरवा दिवा

इरावती बातम्या वाचत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यातला सत्यदिवा हिरवा होता. निवेदकाच्या तोंडून एक जरी खोटं वाक्य निघालं, तरी तो लाल व्हायचा. या वाहिनीवर तो आजवर कधीच लाल झाला नव्हता.

“खत कारखान्यात वायुगळती झाली. एकही कामगार जखमी नाही. कारखान्याच्या आवारातली हवा आता शुद्ध आहे.”

दिवा हिरवाच राहिला.

मूळ मजकुरात आणखी एक वाक्य होतं: वायू वाऱ्याबरोबर नदीपलीकडच्या वसाहतीकडे सरकतो आहे. कारखान्याच्या जाहिराती याच वाहिनीवर लागत, म्हणून संपादक कर्णिकांनी ते वाक्य काढलं होतं. “आपण खोटं कुठे बोलतोय?” ते म्हणाले होते. इरावतीने मान डोलावली होती. तिचे वडील त्याच वसाहतीत राहत. बातम्या संपल्या की त्यांना फोन करायचा, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं.

बातम्या संपताच तिने फोन लावला. “अण्णा, आत्ताच्या आत्ता घराबाहेर पडा!”

“कशाला गं?” अण्णा खोकत म्हणाले. “अख्खी इमारत निघाली होती, मीच थांबवली. म्हटलं, बघा, माझ्या पोरीचा दिवा हिरवा आहे.”