उबेची जागा

नाटकाच्या तालमीत, मुलगा घरी परततो त्या प्रवेशात, कुमुदिनीबाई पुन्हा उजेडाच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"मावशी, अहो पुढे या! चेहरा अंधारात जातोय," दिग्दर्शक समोरून ओरडला. मग शेजारच्याला हळूच म्हणाला, "आईचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागणार."

बाईंचे डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते. त्यांनी पदर घट्ट धरला.

दिवे सांभाळणारी ऋजुता धावत रंगमंचावर आली. "मावशी, पूर्वी कशी सापडायची हो जागा?"

"गालाला कळायचं गं. लहानपणी जत्रेत गॅसबत्तीखाली उभी राहिले, मग थिएटरात मोठाले दिवे आले. मेले असे तापायचे की तोंडावरचा रंग ओघळायचा! पण ऊब लागली की समजायचं, आपण बरोबर उभ्या आहोत. तुझे हे नवे दिवे दिसायला छान आहेत, पण गार आहेत गं. मला लागतच नाहीत."

ऋजुताने कोठीतून एक जुना हॅलोजन ओढत आणला, फडक्याने पुसला, विंगेत बांधला आणि लावला. जळक्या धुळीचा वास सुटला. कुणीतरी शिंकलं.

बाई मागून चालत आल्या. हळूहळू, तोंड किंचित वर करून. एका जागी त्यांचा गाल तापला आणि पाय आपोआप थांबले. सगळा चेहरा उजळून निघाला. दिग्दर्शक काही बोलायच्या आत त्यांनी विंगेकडे हाक मारली,

"हं, येऊ दे आता माझ्या लेकाला."