दारात म्हणायचं गाणं

गाणं संपलं तसा संग्रहालयाच्या नव्या दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावर देवमाशाच्या आकाराची लाकडी टोपी संथ गिरकी घेत होती. खरी टोपी तळघरातल्या कपाटात होती. ॲग्राफेना पहिल्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

टोपी तिच्या कुळाची, अलास्काच्या किनाऱ्यावरच्या ट्लिंगिट आदिवासींची. कुळाने ती तीनदा परत मागितली. तिसऱ्या वेळी संचालिका लॉरिंगबाईंनी यंत्रावर छापलेली प्लॅस्टिकची नक्कल पाठवली. ती इतकी हलकी की नाचताना डोक्यावर ठरेना.

मग शंभर वर्षांपूर्वी मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित केलेला एक आवाज संगणकावर साफ झाला. अर्थ लावायला जाणतं माणूस हवं होतं, म्हणून ॲग्राफेनाला बोलावलं. पहिल्याच ओळीला तिने ओळखलं. गाणारे तिच्या आईचे मामा होते. आईने हेच गाणं तिला मासे चिरता चिरता शिकवलं होतं.

"स्वागतगीत आहे का हो?" लॉरिंगबाईंनी विचारलं होतं.

"पाहुणा दारात आला की म्हणायचं," ती म्हणाली होती. "अर्थ मी उद्घाटनालाच सांगेन."

बाई खूश झाल्या. रोज दार उघडताना तेच वाजवायचं ठरलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या शाळांनाही गाणं धाडलं गेलं.

आता हॉलिस्टरसाहेबांचा पणतू तिच्यापुढे माइक घेऊन वाकला. पणजोबांनी ते गाणं आणि ती टोपी गोळा केलेली. दालनाला नाव त्यांचंच. "आजी, माझ्या पणजोबांना तुमचा माणूस काय म्हणाला, सांगा ना."

ॲग्राफेना उठली. "तो म्हणतो, चष्मेवाल्या, आम्ही मासेमारीला गेलो आणि तू आमचं घर फोडलंस. टोपी नेलीस. आज यंत्र घेऊन पुन्हा दारात उभा आहेस. तर हे गाणंही ने. तुझ्या घरी जो जेवेल, तो चोराचं अन्न खाईल."

पणतूने घाईने माइक खाली घेतला.

लॉरिंगबाई तिच्या कानाशी आल्या. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही शंभर वर्षं कपाटात ठेवलंत. मी दोन महिने गप्प बसले."

"उद्याच्या उद्या शाळांतून काढून घेते मी ते."

"घ्या की," ॲग्राफेना म्हणाली. "पोरांना अर्थासकट पाठ झालंय. शिकवायला तुम्ही मलाच तर धाडलं होतंत."