कोयांचा कोळसा

"हा लेख पेयचेवचाच आहे," असं म्हणत प्रोफेसर लुबेन त्सेकोवांनी बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पेस्ट्रीचा, तेलकट तुकडा सरळ त्या लेखावरच ठेवला.

लेख परीक्षणाला आला होता. लेखकाचं नाव झाकलेलं, अगदी संगणकापासूनही. परीक्षक विषय बघून संगणकच नेमायचा, आणि संगणकाला सोफिया आणि प्लोवदिव या शहरांतल्या प्रोफेसरांची भांडणं ठाऊक नव्हती.

"नाव तर दिसत नाही, सर," त्यांची सहकारी डॉक्टर वेनेता म्हणाली.

"नाव कशाला हवं? वास येतोय! जर्दाळूच्या कोया जाळायच्या आणि तो कोळसा सोडियमच्या बॅटरीत भरायचा. प्लोवदिवच्या त्या रताळ्याशिवाय कुणाला सुचणार?"

"कोया हल्ली बरेच जण वापरतात."

"आपण नाही. आपण अक्रोडाची टरफलं वापरतो."

"वापरायचो," वेनेता म्हणाली.

प्रोफेसरांचं लक्ष नव्हतं. प्रयोगशाळेत पाऊल टाकून त्यांना जमाना झाला होता. प्रयोग वेनेता करायची, लेख वेनेता लिहायची, त्यावर नाव त्यांचं पडायचं; न वाचता, पण न चुकता. तिचं नाव नसायचं. फार नावांनी लेख जड होतो म्हणे.

या महिन्यात मात्र त्यांचा एक तरी लेख छापायला मंजूर होणं भाग होतं. नाहीतर सरकारी अनुदान पेयचेवला, नवी भट्टी पेयचेवला, आणि प्रोफेसर गावी, सासूबाईंच्या कोबीच्या वाफ्यात.

"घे लिहून," ते म्हणाले. "या कोळशात सोडियम शिरतं ते घरजावयासारखं. बाहेर यायचं नावच घेत नाही."

"आकडे तसे बरे आहेत. बहुतेक सोडियम परत येतं, सर."

"तू कुणाच्या बाजूची?"

"कोळशाच्या."

"गप लिही. लेखकाने भट्टी आयुष्यात लांबूनसुद्धा पाहिलेली नाही."

वेनेताची बोटं थांबली. "हे असंच घालू?"

"असंच! पुढे लिही, हा इसम दुसऱ्याच्या घामावर जगतो."

"हे लेखावरून कळलं?"

"मला कळतं! माणूस ओळखतो मी."

तिने टाइप केलं. शुद्धलेखन तपासलं. मग खुर्ची वळवून म्हणाली, "सर, फार तिखट झालंय. हा लेख पडला तर लेखकाचं अनुदान जाईल."

"जाऊ दे की! तेच तर हवंय. वाडगं घेऊन बसू दे त्याला चर्चच्या पायरीवर."

"एकदा वाचून बघता का? शेवटपर्यंत?"

"शितावरून भाताची परीक्षा होते, बाई. सरक."

"मी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नका."

"सरक म्हणतो ना!"

ती सरकली. 'नामंजूर'वर त्यांनी स्वतः खूण केली आणि बटण दाबलं, तेही मधल्या बोटाने. मग कित्येक महिन्यांत हसले नव्हते तसे हसले, हात पुसले आणि खुर्चीत रेलले.

"हं. पेयचेव संपला. आता आपलं बोल. आपल्या लेखावर परीक्षकाचं काही आलं का?"

"आलं ना, सर," वेनेता पर्स उचलत म्हणाली. "आत्ताच तर पाठवलंत."