कर्जतचा समुद्र

मासे मजेत होते. त्याच पाण्यातले प्रवाळ मात्र एकेक करून मिटत चालले होते. समुद्र कधीच न पाहिलेली आई त्या काचेच्या टाकीसमोर बसे, तेव्हा कर्जतच्या त्या खोलीत निळी भरती येई. ती ओसरू नये म्हणून सुश्रुत जुन्या फिल्टरला दोष देत आता मोबाईलवर आणखी भारी फिल्टर निवडत होता.

"फिल्टरला का नावं ठेवतोस? आटलेलं पाणी मीच भरते ना रोज! गाळलेलं पाणीसुद्धा आधी रात्रभर कळशीत ठेवते."

"कुठल्या कळशीत, आई?"

"तांब्याच्या. तुझं ठेवते तसंच. नाजूक जीव रे ते, बाधायला नको."

सुश्रुतने मोबाईल खाली ठेवला. शुद्ध पाण्यात तांबे सहज उतरते. माशांना ते सोसले होते, प्रवाळांना सोसले नव्हते.